खापर साताऱ्याच्या कातळावर नको

डायनासोर संपले त्या काळात समुद्री प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा) संहार दख्खनच्या ज्वालामुखींनीच केला, असं म्हणत तुम्ही सगळं खापर आपल्या अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळावर फोडलंत. दख्खनचा लाव्हा त्या काळात ओतत होता, कबूल. पण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मुख्य घाव मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला आदळलेल्या अशनीचा. इटलीत गुब्बिओला जाऊन आलेल्यांना विचारा: खाली ठसठशीत फोरॅमिनिफेरांनी (कवचधारी एकपेशी जीवांनी) भरलेला चुनखडक, मध्ये त्या घावाच्या वेळचा जेमतेम सेंटिमीटरभर मातीचा पट्टा, वर नुसते चिमुकले जीव. चुन्याचं कवच असलेल्या प्लवकांच्या ९० टक्क्यांहून जास्त जाती गेल्या. सिलिकाच्या कवचाचे डायटम (एकपेशी शैवाल) बरेचसे तगले. गंमत म्हणजे अशनीने पाडलेल्या खुद्द विवरातला समुद्र ३० हजार वर्षांत पुन्हा भरभराटीला आला! चुनकवची वनस्पती-प्लवकांची घडी बसायला मात्र सुमारे २० लाख वर्षं लागली, जातींची संख्या भरून यायला त्याहून कितीतरी जास्त.