‘द व्हर्जिन स्प्रिंग’ (१९६०): मूळ गीतापेक्षा काय बदललं?

प्रश्न: दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा हा चित्रपट स्वीडनच्या जुन्या गीतावर आहे ना? मग बदल कुठे केलेत?

उत्तर १: गीतात तीन मुली मारल्या जातात, झरेही तीन फुटतात. पडद्यावर मारली जाते ती एकटी मुलगी, कारिन. गीतातले मारेकरी शेवटी त्या मुलींच्या बापाचेच मुलगे निघतात; पटकथेत उल्ला इसाक्सननं ते वगळलं, बरंच झालं! ओडिन या जुन्या नॉर्स देवाला भजणारी दासी इंगेरी मात्र नव्याने घातली.

उत्तर २: कारिनच्या कपड्यांवर नजर ठेवा. तिला मारणारे गुराखी तेच तिच्या आईला विकायला काढतात, तिथेच बिंग फुटतं. मारिक व्होसला वेशभूषेचं ऑस्कर नामांकन होतं.

उत्तर ३: कारिनचा बाप त्योरे आधी भूर्जाचं झाड अंगाच्या जोरावर आडवं करतो, डहाळ्यांनी न्हाणीत अंग झोडतो, मगच सूड घ्यायला सुरा उचलतो. ही तयारी पुढे सरकवून पाहू नका.