कुत्र्याच्या तोंडातले बॅक्टेरिया: कल्चर की पीसीआर?

दादरकर: आमचा लॅब्रा ८ वर्षांचा, तोंडाला असला वास की शेजारी बसवत नाही, हिरड्या लाल. स्वॅब घेऊन कल्चरला (जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला) पाठवू का पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची टेस्ट) करू? फरक काय नक्की?

लॅबवाली ताई: अहो हिरड्यांच्या रोगातल्या मेन जंतूंपैकी एक, पॉर्फिरोमोनास गुली, अ‍ॅनेरोबिक आहे, ऑक्सिजन त्याला सोसत नाही. साधा स्वॅब या उकाड्यात लोकलने लॅबला नेलात तर प्लेटवर भलतेच जंतू उगवणार. हिरडीच्या खाचेत पेपर पॉइंट (कागदाची बारीक काडी) घालून सॅम्पल, ऑक्सिजनशिवाय जंतू टिकवणारं ट्रान्सपोर्ट मीडियम, मग अ‍ॅनेरोबिक जारमध्ये ३७ डिग्रीला बरेच दिवस. पीसीआर झटपट होतं पण ते डीएनए बघतं म्हणून मेलेले जंतूपण दाखवतं, आणि ज्या जंतूचे प्रायमर (त्याचा डीएनए शोधणारे छोटे डीएनए तुकडे) टाकले तेवढंच सापडतं. कुठलं अँटिबायोटिक चालेल ते बघायला कल्चरच बरं.

परळचा बोका: १६एस सिक्वेन्सिंग (एका जीनवरून सॅम्पलमधले सगळे बॅक्टेरिया ओळखणं) राहिलं की! पण ते रिसर्चवाल्यांचं काम, तुम्ही खर्चात पडू नका. निरोगी कुत्र्याच्या तोंडातपण शेकडो जातीचे जंतू असतात, नुसतं पॉझिटिव्ह आलं म्हणजे रोग नाही. आधी भूल देऊन स्केलिंग (दातांवरचं किटण काढणं) आणि दातांचा एक्स-रे.

दादरकर: ८ व्या वर्षी भूल चालेल का हो?

लॅबवाली ताई: रक्त तपासून देतात, विचारा डॉक्टरांना.