पहिली क्रूझर आणि रोजचा हायवे: ३५० पुरते का?

रोजचे_पंचावन्न

घर ते ऑफिस एका बाजूने ५५ किमी. त्यातले ४६ किमी सरळसोट हायवे. सहा वर्षं हे अंतर १५० सीसीच्या साध्या बाईकवर कापतेय आणि आता क्रूझर (खालच्या सीटची, ऐसपैस बसायची बाईक) घ्यायची आहे. ज्याला विचारावं तो एकच पालुपद लावतो, "पहिलीच ना? मग ३५० घे, हात बसला की मोठी घे." मला हा सल्ला पटत नाही, म्हणून हा धागा.

सल्ला देणाऱ्यांना 'पहिली' एवढंच ऐकू येतं, 'रोजचा हायवे' कानावरून जातं. वेग वाढला की गाडीचं खरं भांडण असतं हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ८० वरून १०० वर गेलं तर वेग वाढला सव्वापट, पण नुसत्या हवेपायी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. त्यात क्रूझरवर आपण छाती पुढे काढून, हात पसरून बसतो, शीड उभारल्यासारखे. रॉयल एनफील्डच्या मीटिओर ३५० ची ताकद २० बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) आसपास आहे. ती गाडी १०० ने जाते, नाही असं नाही. पण तिथे पोचल्यावर खिशात फारसं काही उरत नाही. ओव्हरटेक अर्धा झालाय, मागून ट्रक जवळ येतोय, अशा वेळी मूठ पिळली की आवाज वाढतो, वेग मात्र सवडीने वाढतो.

मध्यंतरी एका मैत्रिणीची जुनी सिंगल सिलिंडर क्रूझर (कुठली ते सोडा) घेऊन हाच रस्ता करून पाहिला. ८५ पर्यंत झकास. ९५ च्या पुढे आरशात मागच्या ट्रकचे दोन दिवे दिसत होते, त्यांची एक थरथरती रेघ झाली. ऑफिसला उतरले तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आलेल्या, लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडता येईना.

म्हणून माझं मत: ५०० ते ६५० ची ट्विन (दोन सिलिंडरची) थेट घ्यावी. यादीत सुपर मीटिओर ६५० आणि कावासाकी व्हल्कन एस आहेत. खोडून काढा.

जुनं_खोड

ताई, हिशोब बरोबर आहे, पण निम्माच केलात. हवा मोजलीत, वजन राहिलं. मीटिओर ३५० चं वजन १९१ किलो, सुपर मीटिओरचं २४१. हा वरचा पन्नास किलोचा बोजा हायवेवर जाणवणारच नाही, उलट गाडी छान बसलेली वाटेल. तो जाणवतो पार्किंगमध्ये, जिथे पुढचं चाक भिंतीकडे आहे, जमीन भिंतीकडेच उतरती आहे आणि गाडी पायांनी मागे ढकलत वर काढायची आहे. हे तुम्हाला रोज करायचंय.

माझी पहिली मोठी गाडी मी शून्य वेगात पाडली. यू-टर्न घेत होतो, हँडल पूर्ण वळलेलं, समोर कुत्रं आलं, बोटं सवयीने पुढच्या ब्रेकवर गेली. गाडी थबकली आणि सावकाश कलू लागली. एका कोनापलीकडे ती गेली की मग ती पडणारच. आपला पाय खाली सापडू द्यायचा की नाही एवढंच आपल्या हातात असतं. मी गाडी सावरायला गेलो. क्लचचा लिव्हर तुटला आणि घोटा तीन आठवडे सुजलेला.

आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या गटाने मोटरसायकलचे सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले, त्याचा अहवाल १९८१ सालचा. अपघातातल्या निम्म्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेसुद्धा झालेले नव्हते. एकूण अनुभव मात्र सरासरीने तीन वर्षांच्या घरात. अनुभव होता, 'त्या' गाडीचा नव्हता.

म्हणून ३५० घ्या, वर्षभर वापरा, मग ६५० वर जा.

रोजचे_पंचावन्न

काका, पण हा अहवाल तर माझ्याच बाजूने बोलतोय! नव्या गाडीचे पहिले पाच महिने धोक्याचे असतील, तर आत्ता ३५० आणि वर्षाने ६५० म्हणजे मी ते पाच महिने दोनदा भोगायचे. एकदाच भोगते की.

जुनं_खोड

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य. पण ते पाच महिने १९१ किलोवर काढणं आणि २४१ वर काढणं सारखं नाही, एवढं तुम्हीही मान्य करा.

उंटावरचा_शहाणा

मुळात क्रूझरच का? रोज ११० किमी करायचे आहेत, ऐटीत फोटो काढायचे नाहीत.

क्रूझरवर पाय पुढे असतात. पाय पुढे गेले की शरीराचं वजन पायांवर येत नाही, सगळं माकडहाडावर. सरळ बसायच्या साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) जोर देऊन बूड दोन बोटं उचलतो. क्रूझरवर ते करून बघा, जमत नाही. हँडलला लोंबकळावं लागतं. वर सीट खाली आणायची म्हणून मागच्या शॉकअपचा प्रवासही (दबायला मिळणारी जागा) बहुतेक वेळा कमीच ठेवलेला. म्हणजे खड्डा मोठा लागतो आणि तो थेट मणक्यात जातो. त्यात वारा छातीवर, म्हणून तासभर हाताने स्वतःला ओढून धरायचं. चाळीस मिनिटांची मजा असते ही, रोजच्या दीड-दोन तासांची नाही.

त्याच ताकदीची सरळ बसायची रोडस्टर घ्या आणि सुखी व्हा.

आडवाट

@उंटावरचा_शहाणा, सगळ्या क्रूझर एकाच दावणीला बांधल्यात तुम्ही. पाय पार पुढे असलेल्या गाड्या वेगळ्या आणि मध्यावर असलेल्या वेगळ्या. होंडा रिबेलचे फूटपेग बरेचसे मध्यावर आहेत. व्हल्कन एसचे तीन जागी बसवता येतात, मालकाच्या पायांच्या लांबीनुसार. रोडस्टर चांगलीच, पण बाईंनी 'क्रूझर हवी' असं लिहिलंय. ज्या गाडीकडे सकाळी बघावंसं वाटत नाही ती कितीही सोयीची असली तरी महिन्याभरात माणूस बस धरतो.

आता धागाकर्तीशी माझं भांडण. चार वर्षं मी ३५० वर रोज याहून थोडं जास्तच अंतर करतेय. तुमचे ४६ किमी १०० ने गेलात तर साडेसत्तावीस मिनिटं. ८५ ने गेलात तर साडेबत्तीस. पाच मिनिटांचा फरक! त्या पाच मिनिटांसाठी पन्नास किलो, दोन सिलिंडर आणि जास्तीचं पेट्रोल वागवायचं? आणि मुंग्यांचं खापर सीसीवर फोडू नका. आताच्या मीटिओरच्या इंजिनात थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट असतो. जुन्या सिंगलवरून सगळ्या सिंगल मोडीत काढणं बरोबर नाही.

रोजचे_पंचावन्न

बॅलन्सरचं मान्य, नवीन ३५० चालवून बघायला हवी होती. पण पाच मिनिटं हा माझा मुद्दाच नव्हता. माझ्या रस्त्यावर गाड्या १००-११० ने वाहतात. मी ८५ ने गेले तर दिवसभरात शंभर जण मला ओलांडणार, त्यातले दहा जण अगदी खेटून. आपला वेग किती यापेक्षा आजूबाजूच्यांपेक्षा किती वेगळा, याची मला जास्त भीती वाटते.

आडवाट

ते मधल्या लेनमध्ये. ट्रकच्या लेनमध्ये ८० च असतात, तिथे पुढे-मागे भरपूर जागा ठेवून आरामात जाता येतं. फक्त ट्रकच्या मागून येणाऱ्या हवेच्या धक्क्यांची सवय करावी लागते. आणि ट्रकवाल्याचे आरसे आपल्याला दिसत नसतील तर आपणही त्याला दिसत नाही, हे कायम डोक्यात.

रोजचे_पंचावन्न

चार वर्षं ट्रकच्या मागे? तुमच्या चिकाटीला नमस्कार. माझ्याने होणार नाही.

तेलकट_बोटं

दोन्ही बाजू ३५० की ६५० यातच अडकल्यात. मधे होंडा रिबेल ५०० उभी आहे, तिच्याकडे बघा की. ४७१ सीसी, दोन सिलिंडर, वजन १९० च्या आसपास, म्हणजे मीटिओर ३५० एवढंच. ताकद ४६ बीएचपीच्या घरात, म्हणजे दुपटीहून जास्त. सीट ६९० मिमीवर. खोडांचं वजन आणि ताईंची ताकद, दोन्ही भांडणं मिटली.

पण दोन गोम आहेत. ती ताकद येते वर, इंजिन जोरात फिरवल्यावर, ८५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). क्रूझरची ती खालची धकधक हवी असेल तर निराशा होईल. ती सुपर मीटिओरमध्ये मिळते, कारण तिथे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) २७० अंशांचा आहे, म्हणून दोन सिलिंडरचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. आणि दुसरी गोम टाकी: ११.२ लिटर. रोज ११० किमी म्हणजे दोन-अडीच दिवसांनी पंप. सुपर मीटिओरची साडेपंधराच्या वर आहे.

अजून एक गोष्ट, जी विकत घेताना कुणीच विचारत नाही. तुमचे महिन्याला २२ दिवस धरले तर २४०० किमीच्या वर होतात. चेनला साधारण ५०० किमीला तेल लागतं, म्हणजे महिन्यातून पाच वेळा, पावसात त्याहून जास्त. रात्री दमून आल्यावर गाडीशेजारी मांडी घालून बसायचं, चाक फिरवत एकेक कडी बघायची, मग नखांतला काळा मळ घासत बसायचं. मला आवडतं. तुम्हाला आवडेल का, आधी विचार करा. नसेल तर चेनऐवजी बेल्टची (पट्ट्याची) गाडी बघा, यामाहा बोल्ट किंवा हार्लेच्या जुन्या ८८३ सारखी. किंवा सेकंडहँडमध्ये शाफ्टची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालवणारी), यामाहाच्या व्ही स्टार ६५० सारखी. शाफ्टला तेल बदलण्यापलीकडे रोजची कटकट नाही.

आणि सीसी कितीही घ्या, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) सोडू नका. खोडांच्या अहवालातल्या गाड्यांना ते नव्हतं.

उंटावरचा_शहाणा

(अवांतर) कुठलीही घ्या, विंडशील्ड लावाल तर नीट मापाची लावा. बुटकी काच वारा छातीवरून उचलते आणि नेमका हेल्मेटवर आणून आपटते, त्यापेक्षा काच नसलेली बरी. नजर काचेच्या वरच्या कडेवरून, दोन-तीन बोटं वरून गेली पाहिजे. आणि कानात इअरप्लग. शंभरच्या वेगात हेल्मेटमधे वाऱ्याचाच इतका आवाज असतो की इंजिन ऐकू येत नाही. तो रोज दीड-दोन तास ऐकला तर कानाचं वाटोळं व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

रोडस्टरवरचं माझं मत कायम आहे.

रोजचे_पंचावन्न

काल दोन शोरूम केले. खोडकाकांचं ऐकून सेल्समनला सांगितलं, गाडी चालवायची नाही, फक्त ढकलायची आहे. त्याने विचित्र नजरेने बघितलं.

सुपर मीटिओर: बसल्यावर दोन्ही टाचा टेकल्या, फार छान वाटलं. मग तिला उतारावरून मागे घ्यायला लावली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, दोन पावलं मागे, आणि ती जराशी, जेमतेम हाताएवढी, माझ्या उजव्या बाजूला कलली. मी धरली, पण मांडीत जी कळ आली ती आज सकाळीही आहे. सेल्समन धावत आला हेही सांगायला हवं. काका, पन्नास किलो म्हणजे काय ते कळलं.

रिबेल: एका हाताने मागे घेतली. मग मुद्दाम वीस मिनिटं नुसती बसून राहिले, पाय पेगवर, हात मुठींवर, मागून एकाने धरलेली. गुडघे ठीक, माकडहाडाने पंधराव्या मिनिटाला आठवण करून दिली. सीट बदलावी लागेल. धकधक नाही, हे खरं आहे, आणि त्याचं थोडं वाईट वाटतंय.

तर मत अर्धं बदललं. ताकदीवर ठाम आहे, सीसीवर नाही. शनिवारी टेस्ट राईड मागितली आहे, याच ४६ किमीची. ते म्हणतात शोरूमच्या मागच्या गल्लीत तीन किमी. भांडण चालू आहे.

आडवाट

ट्रकच्या लेनमध्ये दहा मिनिटं तरी चालवून बघा, माझ्यासाठी.

जुनं_खोड

४६ मिळाले तर निघण्याआधी टाकीत डोकावून बघा. शोरूमच्या गाडीत गल्लीपुरतंच पेट्रोल असतं.