लेझमींची ट्रंक सध्या कुणाकडे आहे?

मृणाल (उरावा), मंगळवार रात्री

मंडळाच्या गणपतीनंतर लेझमींची ट्रंक कुणाच्या घरी गेली? दहा-बारा मिळाल्या तरी भागेल. २० तारखेला शनिवारी, मी इंग्रजी शिकवते त्या इथल्या जपानी शाळेत कार्यक्रम आहे आणि त्याआधी पाचवीच्या पोरांकडून थोडा सराव करून घ्यायचाय, म्हणजे या रविवारपर्यंत हातात हव्यात.

क्योतो-सेन्सेई (उपमुख्याध्यापक) स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आले ते कार्यक्रमपत्रिका छापूनच. माझ्या नावासमोर आधी सांता आणि लगेच खाली ‘इंदो नो ओदोरी’ म्हणजे भारतीय नाच, दोन्ही मिळून आठ मिनिटं. विचारायचा प्रश्नच नव्हता, पण इतकं वाकून सांगितलं की नाही म्हणायला तोंड उघडेना. मला ना कथक येत ना भरतनाट्यम. शाळेत २६ जानेवारीला मैदानावर लेझीम केली होती, तेवढाच काय तो माझा नाच.

कुणाकडे आहे ते प्लीज लगेच कळवा.

श्रीकांत (सचिव), बुधवार सकाळी

मृणाल, रजिस्टरप्रमाणे ट्रंक समीरकडे, ओजिमाला.

यानिमित्ताने सर्वांनाच आठवण करून देतो की मंडळाचं सामान मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे. फुनाबोरीच्या प्रकारानंतर लेखी अर्जाशिवाय काहीही बाहेर द्यायचं नाही, हेही. अर्जाचा नमुना ड्राइव्हवर आहे. भरून पाठव, २१ तारखेच्या बैठकीत विषय घेऊ.

समीर (ओजिमा), बुधवार दुपारी

कार्यक्रम २० ला, बैठक २१ ला. वा.

ट्रंक माझ्याकडे नाही. मखराबरोबर नितीनच्या गाडीत गेली, श्रीकांतदादा, तुम्ही स्वतः डिकी लावलीत. माझ्याकडे फक्त झांजांची पिशवी आणि दोन झेंडे आहेत. आणि फुनाबोरीला मी नव्हतो, हे दर वेळी सांगायला लागतं.

नाना (चिबा), बुधवार रात्री

लेझमी मिळतील गं. मृणाल, तू आधी हे सांग की तू उकेओइवर आहेस की हाकेनवर? की नगरपालिकेने थेट घेतलंय?

फरक मोठा आहे म्हणून विचारतो. उकेओइ म्हणजे कंपनीने शिकवण्याचं कामच अंगावर घेतलेलं असतं. तिथे तुला काय करायचं ते कंपनीने सांगायचं, शाळेने नाही. शाळा थेट हुकूम द्यायला लागली की त्याला गिसो-उकेओइ म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. २००९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने याच एएलटींच्या (तुझ्यासारख्या परदेशी भाषा-सहायक शिक्षकांच्या) करारांवरून सगळ्या शिक्षण मंडळांना पत्र काढलं होतं. हाकेन म्हणजे कंपनीने माणूस शाळेच्या हाताखाली पाठवलेला, तसं असेल तर शाळा सांगू शकते, पण करारात लिहिलंय तेवढंच. शनिवार करारात आहे का? शाळेच्या लोकांना त्या शनिवारची फुरिकाए म्हणून सोमवारची सुट्टी मिळेल. तुला मिळणार आहे का? का तू शनिवारी फुकट नाचायचं आणि सोमवारी शाळा बंद म्हणून पगार कापून घ्यायचा? आमच्या शेजारच्या फिलिपिनो मुलीचं अगदी हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही.

तेव्हा क्योतो-सेन्सेईंना काही बोलू नकोस. कंपनीच्या कोऑर्डिनेटरला मेल टाक, ‘शाळेकडून अशी विनंती आली आहे, हे काम करारात धरायचं का’ एवढंच. पुढचं ते बघतील. आणि मेलच कर हो, फोन नको.

वैशालीकाकू (निशी-कासाई), बुधवार रात्री

माझा प्रश्न वेगळाच आहे. पोरगी तिथे इंग्रजी शिकवायला गेलीय का सोंगं काढायला? आमच्या योगी पुराणिकांना तोक्योच्या याच एदोगावा वॉर्डाने २०१९ ला नगरसेवक म्हणून निवडून दिलं. पुढे ते इबाराकीत सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपली माणसं कुठे पोचली, आणि यांना अजून आपल्याला दाढी चिकटवून हो-हो करायला लावायचंय. नाताळ त्यांचा नाही, आपला नाही, तरी सांता मात्र परदेशी बाईनेच व्हायचं. का, तर ती ‘गाइकोकुजिन’. तिच्या देशात पोरं सांताची वाट बघत बसतात असं वाटतं का यांना?

मी असते तर सरळ नाही म्हटलं असतं.

समीर (ओजिमा), बुधवार रात्री

काकू, माझी ताई सांगलीकडे झेडपी शाळेत आहे. मतदारयाद्या तिने करायच्या, जनगणना तिने करायची, खिचडीचे तांदूळ तिने मोजायचे, वर गॅदरिंगला पोरांचे नाच तिनेच बसवायचे. तिला कुणी विचारलं नाही शिकवायला आलीस का म्हणून. आठ मिनिटांचा सांता म्हणजे चैन आहे.

वैशालीकाकू (निशी-कासाई), गुरुवार सकाळी

तुझ्या ताईलाही नाही म्हणता यायला हवं, एवढंच माझं म्हणणं. आणि गॅदरिंगला तिला एकटीला स्टेजवर चढवून ‘तुमच्या गावाकडचं काहीतरी करून दाखवा’ म्हणतात का?

अश्विनी (योकोहामा), गुरुवार सकाळी

काकूंच्या शेवटच्या वाक्यात खरी गोम आहे, म्हणून लिहायला बसले. मी जेटवर (परदेशी शिक्षक आणायची सरकारी योजना) होते, शिमानेत. आम्ही नगरपालिकेचेच नोकर, त्यामुळे नाना म्हणतात तो कराराचा बचाव आम्हाला नव्हता. शाळा सांगेल ते करायचं. आणि जपानी शिक्षकसुद्धा करतातच की! सहावीच्या निरोपाला अख्खा स्टाफ विग घालून नाचतो, क्योतो-सेन्सेईंसकट. बोनेनकाईत (वर्षअखेरच्या पार्टीत) नव्या शिक्षकाला गाणं म्हणायला लावतात. तेव्हा परदेशी बाईलाच नाचवतात हे काही पूर्ण खरं नाही. फरक असा की ते सगळे मिळून नाचतात, हसू झालं तर सगळ्यांचं होतं. आपल्याला मात्र एकटीला उभं करतात आणि वर ‘भारत’ दाखवायला सांगतात. साडी नेसून जिमच्या मधोमध उभी, समोर तीनशे पोरं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, आणि मी काहीही हात हलवले तरी ‘सुगोई’, म्हणजे ‘वा, भारी’. मला त्या सुगोईचीच चीड यायची. चुकले तरी कुणाला कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी अट घातली की वर्गशिक्षक आणि पोरं बरोबर असतील तरच. सगळा नूरच पालटला. पाचवी-सहावीची पोरं उंदोकाईला (क्रीडादिनाला) सोरान-बुशी नाचतात ना, होक्काइदोच्या कोळ्यांचं, हेरिंगची जाळी ओढायचं गाणं. गुडघ्यात वाकून जाळं ओढायचं, लाटा काढायच्या. त्यांना मी आपला कोळीनाच दाखवला, वल्हं मारायचं आणि जाळं फेकायचं. अर्ध्या तासात उचलला पोरांनी. मग आधी त्यांचं सोरान, त्याला लागून आपला कोळीनाच. बघायला आलेले एक आजोबा उठून पोरांना जाळं नीट कसं धरायचं ते सांगायला लागले, ते पूर्वी बोटीवर होते. ते खरं ‘कोकुसाई कोर्यू’, आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण, शाळेने बॅनरवर लिहिलं होतं ते.

तेव्हा मृणाल, लेझीम उत्तमच, पण एकटी करू नकोस. वर्गशिक्षकाच्या हातात एक दे.

थंडीचं: डिसेंबरात जिम म्हणजे फ्रीज. नऊवारी नेसणार असशील तर आत हीटटेकचे (गरम बनियनचे) दोन थर घाल आणि काष्टा पिनांनी पक्का कर. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, अनवाणी उभी राहिलीस तर पाय गारठतील, आणि उवाबाकीवर (शाळेत आत घालायच्या बुटांवर) नऊवारी कशी दिसते ते आरशात आधी बघून घे. मी बघितलं नव्हतं, फोटो आहेत.

मृणाल (उरावा), गुरुवार दुपारी

अश्विनीताई, थँक्यू! फोटो पाठवा ना.

नाना, मी हाकेनवर आहे. कोऑर्डिनेटरला मेल केलाय. ट्रंकेचं मात्र अजून कुणी सांगत नाहीये. नितीनदादा यादीवर आहेत ना?

प्रकाश (खजिनदार), गुरुवार संध्याकाळी

शाळा किंवा पीटीए काही शारेई (मानधन) देणार असेल तर मंडळाच्या सामानाचा वापर होतोय हे लक्षात घेऊन निम्मी रक्कम देखभाल निधीत यावी असं सुचवतो. लेझमींच्या कड्या बदलायला पैसे लागतात. सभेत मी हे मांडलं होतं, इतिवृत्तात आलेलं नाही.

निखिल (तोयोसु), गुरुवार रात्री

काका, नको! पैशाचं पाकीट अजिबात घ्यायचं नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं व्हिसाचं. मृणाल क्योइकुवर, म्हणजे शिक्षकाच्या व्हिसावर असणार. आपल्याच शाळेत कामाचा भाग म्हणून नाचली तर कुणी काही म्हणणार नाही. पण नाचायचे वेगळे पैसे घ्यायला लागली की ते कामाबाहेरचं धरलं जाऊ शकतं, आणि त्याला शिकाकुगाइची, म्हणजे व्हिसाबाहेरच्या कामाची परवानगी लागते. हजार-दोन हजार येनसाठी इमिग्रेशनला कोण उत्तरं देत बसणार?

दुसरं गाण्याचं. इथल्या कॉपीराइट कायद्यात ३८ वं कलम आहे. कार्यक्रम नफ्यासाठी नसेल, बघणाऱ्यांकडून पैसे घेतलेले नसतील आणि कलाकाराला मानधन नसेल, तर प्रसिद्ध झालेलं गाणं स्टेजवर वाजवायला परवानगी लागत नाही. तिन्ही अटी एकदम पाळायला हव्यात. पाकीट घेतलं की तिसरी गेली. आणि ही सूट जागेवरच्या सादरीकरणापुरती आहे. हल्ली शाळा पालकांसाठी व्हिडिओ नेटवर चढवतात, त्याला ती लागू नाही. आपल्या गणपतीचा व्हिडिओ आवाज बंद होऊन पडलाय तो का, आठवत असेलच.

म्हणून सिनेमातलं गाणं लावूच नकोस. हलगीवर कर. पारंपरिक ठेका, समोर माणूस वाजवतोय, कुणाला काही विचारायला नको.

प्रकाश (खजिनदार), गुरुवार रात्री

मी ‘देणार असेल तर’ असं लिहिलं होतं. कड्यांचा खर्च तरी कुठून काढायचा ते सांगा.

नितीन (कावागुची), शुक्रवार पहाटे

रात्रपाळी होती, आत्ता वाचलं सगळं.

ट्रंक माझ्याकडेच आहे, खालच्या मोनोओकीत (अडगळीच्या खोलीत). लेझमी १४ निघाल्या. तिघींच्या साखळ्या निसटल्या होत्या, त्या मी पकडीने बसवल्या, तारही माझीच. कड्यांचा खर्च शून्य, प्रकाशकाका. बाकीच्या ११ वाजवून बघितल्या, ठीक आहेत. दोन दांड्यांना चिरा आहेत, त्यांवर इन्सुलेशन टेप मारलाय, पोरांच्या हाताला कुसळ जायला नको. मृणाल, उरावा मला जवळ आहे, रविवारी सकाळी आणून देतो.

हलगी मी वाजवेन, शनिवारी सुट्टी आहे. पण गार जिममध्ये कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो. गावाकडे जाळ करून शेकतात, इथे शाळेत काडी ओढली तर फायर ब्रिगेड येईल. हेअर ड्रायर नेतो, स्टेजमागे प्लग कुठे आहे तेवढं बघून ठेव. नाहीतर प्लास्टिकच्या पानाची आहे माझ्याकडे, ती थंडीला दाद देत नाही, पण तिचा आवाज मला आवडत नाही.

एक लक्षात घ्या: पोरं लेझीम खाली आपटतात. जिमच्या लाकडी जमिनीवर चरा पडला तर मृणालला दहा वर्षं ऐकवतील. खाली ठेवायची वेळ आली की निळ्या शीटवर, हे पहिल्या दिवसापासून सांग.

वैशालीकाकू (निशी-कासाई), शुक्रवार सकाळी

नितीन, तुझे किती उपकार रे बाबा. मी लाडू करून देऊ का पोरांना, शंभरेक होतील.

अश्विनी (योकोहामा), शुक्रवार सकाळी

काकू, घरचं खाणं शाळेत चालणार नाही हो, अ‍ॅलर्जीचं फार सांभाळतात. तूप, शेंगदाणे, काजू, तिन्हीवर बोट ठेवतील. स्टाफरूमसाठीसुद्धा आधी विचारायला हवं. मला द्या.

मृणाल (उरावा), शुक्रवार रात्री

कोऑर्डिनेटरचा फोन आला (नाना, मी मेलच केला होता, त्यांनी फोन केला). शनिवार कामाचा दिवस धरणार आणि सोमवारी भरपगारी सुट्टी. हे लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही.

आज क्योतो-सेन्सेईंना विचारलं की पाचवीचे दोन्ही वर्गशिक्षक लेझीम घेतील का. ते जरा थांबले, मग म्हणाले की मीही घेतो, पण सोपी द्या. आता त्यांना चार आकडे शिकवायचेत, पुढे-मागे-डावी-उजवी. स्टाफरूममध्येच सुरू केलं, रिकाम्या हातांनी. पाय बरोबर जातो, हात नेमका उलटा येतो.

सांताचं सुटलं नाही. पत्रिका छापून झाली आहे म्हणे. पण तो सांता लेझीमच्या आधी येऊन दोन मिनिटांत जाणार, आणि नऊवारी आतूनच नेसलेली असेल, वरून तो लाल कोट. दुसरा मार्ग नाही, मध्ये कपडे बदलायला वेळच ठेवलेला नाही. काकू, रागवू नका.

नितीनदादा, प्लग पडद्याच्या डाव्या बाजूला आहे, पण त्यावर हीटर लावलेला असतो. एक्स्टेंशन आणा.

श्रीकांत (सचिव), शुक्रवार रात्री

अर्ज अजून आलेला नाही. ‘वापराचे प्रयोजन’ या रकान्यात नीट लिहावे. सामान २१ ला बैठकीच्या वेळी परत आणल्यास तिथेच मोजून घेता येईल. पकडीने बसवलेल्या तीन लेझमींची नोंद नितीनने वेगळी द्यावी.

समीर (ओजिमा), शुक्रवार रात्री

झांजा कुणाला लागणार असतील तर याच गाडीत जाऊ द्या. माझ्या ओशिइरेत (भिंतीतल्या कपाटात) खरंच जागा नाही.