हेल्मेटवर दिवा: सोय की धोका?

पायडलपांडू
परवा 300 किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली. मुदत २० तासांची, म्हणजे रात्र रस्त्यावर आलीच. निघताना पाहिलं तर निम्म्या डोक्यांवर दिवे. कुणी वेल्क्रोनं बांधलेला, कुणी झिप टाय आवळलेले, एका महाभागानं तर पत्र्याची क्लिप स्क्रूनं थेट हेल्मेटच्या थर्माकोलमध्ये पिळलेली! माझं मत सरळ आहे, हेल्मेटवर काहीही लावू नये. ते गुळगुळीत असतं ते शोभेसाठी नाही, पडल्यावर डोकं डांबरावरून घसरावं म्हणून. वर टणक डबी असली की ती अडकणार आणि मान पिरगळणार. दिवे सायकललाच घट्ट बसवलेले हवेत, हे बीआरएमचा नियमही सांगतो. डोक्यावरचा त्यात धरत नाहीत.

घाटउतार
पसरणी घाट रात्री उतरलायत का कधी? हँडलचा दिवा चाकाचं ऐकतो, नजरेचं नाही. तीव्र वळणावर तो दरी उजळतो आणि जिथे जायचंय तिथे अंधार. गेल्या पावसाळ्यात वाईकडे उतरताना वळणाच्या आतल्या अंगाला म्हैस बसलेली. मान वळवली म्हणून दोन डोळे चमकले आणि ब्रेक लागले. हँडलच्या भरवशावर राहिलो असतो तर थेट तिच्या पाठीवर बसलो असतो. आणि रात्री पंक्चर काढताना टॉर्च कुठे धरता? दातांत?

मिलिमीटर
पांडूशेठ, अडकण्याचा मुद्दा खरा, पण सरसकट बंदी हे त्याचं उत्तर नाही. अमेरिकेचं सीपीएससी मानक (तिथल्या सरकारी ग्राहक-सुरक्षा संस्थेचं, १९९९ पासून लागू) म्हणतं की हेल्मेटच्या बाहेर ७ मिमीपेक्षा जास्त आलेला भाग आदळल्यावर तुटून पडावा किंवा दबावा. तोच निकष दिव्याला लावा. अंगठ्यानं जोरात बाजूला ढकला. निघाला तर ठीक, नाही निघाला तर तो दिवा नव्हे, खुंटी आहे. म्हणून वेल्क्रो चालेल, आवळलेले झिप टाय नकोत, स्क्रूचं तर नावच काढू नका.

गोंदाबद्दलही सांगतो. पंक्चरच्या सोल्यूशननं दिवा चिकटवणारा एक जण मी पाहिलाय. गणपतीच्या मखराला थर्माकोल चिकटवताना ज्यांचा गोंद चुकला असेल त्यांना आठवेल, बघता बघता खड्डा पडायचा. हेल्मेटच्या आत तेच पॉलिस्टायरीन असतं. वरचं कवच चकाचक आणि आतला फेस खाल्लेला, हे बाहेरून कळतही नाही.

पायडलपांडू
अंगठ्याची चाचणी आवडली. पण युरोपच्या ईएन १०७८ या सायकल हेल्मेटच्या मानकातल्या चाचणीत हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किमीच्या आसपास वेगानं आपटतात. तिथे तुम्ही नंतर बाजारातून आणलेला दिवा वर नसतो. तुमचा अंगठा म्हणजे काही ऐरण नाही.

डायनॅमोवाली
पडण्याचं सोडा, न पडताही त्रास आहेच. समोरचा सायकलवाला ओळखीचा निघाला की मान वर करून हात करतो आणि त्याचा झोत थेट आपल्या डोळ्यांत. पुढची काही सेकंद मी आंधळी. ट्रकवाल्याचं काय होत असेल?

दुसरं म्हणजे खड्डे. दिवा डोळ्यांजवळ असला की सावल्या दिसत नाहीत, रस्ता इस्त्री केल्यासारखा सपाट वाटतो. हँडलचा झोत खालून तिरका येतो, त्यात खड्डा काळा उठून दिसतो. धुक्यात तर डोक्यावरचा दिवा म्हणजे नाकासमोर पांढरी भिंत. (आमचे बाबा सांगतात, पूर्वी पुण्यात बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकाची हवा सोडायचे. तेव्हाही दिवा सायकललाच लागायचा, टोपीला नाही.)

घाटउतार
ताई, झोताचं मान्य. माझाही सपाटीला बंदच असतो, फक्त घाटात आणि पंक्चरला लावतो, तोही हँडलच्या दिव्याच्या जोडीला. डोक्यावर वजन नको म्हणून बॅटरी जर्सीच्या खिशात.

पायडलपांडू
म्हणजे मानेशी वायर. छान!

घाटउतार
ओढली की सुटते. घरी वीसेक वेळा ओढून पाहिलंय, बायको दारात उभी राहून हसत होती.

पायडलपांडू
वेल्क्रोवाल्यांना घाटापुरती सूट दिली. मी स्वतः लावणार नाही. त्या पत्र्याच्या क्लिपवाल्याला हा धागा पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, "स्क्रू लहानच आहे."