घळीत भेग पळाली आणि मी परत फिरलो: चुकलं का?

अर्ध्या वाटेवर:
रविवारी या हंगामातली पहिली स्की-टूर केली (स्की लावूनच डोंगर चढायचा आणि उतरायचा) आणि मधूनच परत आलो. तेव्हापासून जोडीदार माझ्याशी धड बोलत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

धारेच्या वाऱ्याकडच्या अंगाला गवत आणि दगड उघडे पडलेले. पलीकडच्या अंगाला मात्र घळ काठोकाठ भरलेली, उशीसारखी गुबगुबीत, वर एक ओरखडा नाही. दोन दिवसांत बर्फ पडला असेल वीतभर, पण वारा रात्रभर होता. घळीच्या कडेला पहिलं पाऊल टाकलं आणि स्कीच्या टोकापासून एक भेग सर्रकन पाच-सहा मीटर पळत गेली. मी तिथूनच मागे. जोडीदार म्हणतो, "एवढ्याशा बर्फात कसला आलाय ॲव्हलांच!" (म्हणजे हिमस्खलन.) मी उगाच घाबरलो का?

दोन काठ्या:
अजिबात नाही. पळणारी भेग दिसल्यावर बर्फात खड्डा खणून थर तपासायचं काही उरतच नाही.

तुमचा जोडीदार आभाळातून पडलेला बर्फ मोजतोय. वारा एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो, आणि तोही पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने टाकू शकतो. वाटेत कण आपटून मोडतात, त्यांचा भुगा ठासून बसतो आणि एकसंध थर तयार होतो, त्यालाच स्लॅब म्हणतात. पाय ठेवल्यावर ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो, तो याच थराचा. काठी उलटी करून खुपसून बघा: आधी कडक लागतं, मग एकदम भसकन आत जाते.

सुरुवातीच्या दिवसांतली खरी गोची अशी की सगळीकडे दगड असतात. मग स्की करण्याइतका बर्फ कुठे सापडणार? वाऱ्याने आणून टाकलाय तिथेच. आपण हौसेने शोधत जातो ती पांढरी पट्टी म्हणजेच स्लॅब.

मी हे गुडघा गमावून शिकलोय. थर जेमतेम घोट्याच्या वर होता, पुरलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. पायाखालून सगळं सरकलं आणि घळीतल्या दगडांवरून तीसेक मीटर घासत गेलो. बीकन (बर्फाखाली पुरल्या गेलेल्याचा ठाव सांगणारं अंगावरचं रेडिओयंत्र) ४५७ किलोहर्ट्झवर इमानेइतबारे ओरडत होता, पण मी वरच पडलो होतो, सगळ्यांना दिसत. भर हंगामात हेच दगड खोल बर्फाखाली असतात.

कुडकुड:
पण स्लॅब दोन-चार दिवसांत पक्का बसतो ना? पुढच्या रविवारी जावं की.

दोन काठ्या:
बऱ्याचदा बसतो, हो. पण तो कशावर बसलाय? सावलीच्या अंगाला आधीचा पातळ बर्फ टिकला असेल, तर खालून जमिनीची ऊब आणि वरून थंडी यांच्यामध्ये त्याचे दाणे होतात. मुठीत दाबा, गोळा होणार नाही, साखरेसारखा ओघळेल. त्यावरचा स्लॅब कित्येक आठवडे भरवशाचा नसतो. उन्हाच्या अंगाला तो जुना बर्फ बहुतेक वितळून गेलेला असतो, म्हणून तिथे ही भानगड कमी.

उतार किती होता?

अर्ध्या वाटेवर:
फोनवर मोजला, ३६ अंश. धारेवर छोटं कॉर्निसही आलं होतं, म्हणजे वाऱ्याने धारेबाहेर लोंबलेली बर्फाची कड, आमच्याच बाजूला झुकलेली.

दोन काठ्या:
बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांमध्येच सुटतात, म्हणजे तुम्ही अगदी मधोमध. आणि वारा कुठून कुठे वाहिला ते कॉर्निसने सांगूनच ठेवलं होतं. ३० च्या आतला उतार घ्या, आणि त्याच्या डोक्यावर तीव्र काही नाही ना तेही बघा.

नकाशेवाला:
एक भर. हंगामाच्या तोंडाला हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन बऱ्याच डोंगरांत सुरूच झालेलं नसतं. ते नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालणारे मी पाहिलेत. माझाच एक दोस्त आहे तसला.

अर्ध्या वाटेवर:
जोडीदाराला हा धागा पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "साखर बघायला फावडं तुझं न्यायचं की माझं?"