ब्लॅकजॅक कुठे आणि कसं शिकलात? (किती गेले ते नाही लिहिलं तरी चालेल)

पिसलेला_पत्ता
काल भाचा आलेला, फोनवर 21 चा गेम (तेच ब्लॅकजॅक, पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा 21 च्या जवळ जायचं) खेळत बसला होता. मला म्हणे मामा, माझे सोळा झालेत आणि डीलरची दश्शी दिसतेय, अजून एक पान घेऊ का? आणि मी एकदम न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या फ्लॅटवर पोचलो. ऑनसाइटला चौघंजण एकत्र, शनिवारी करायचं काय, तर अटलांटिक सिटीची बस पकडायची, कारण तिकिटाचे बरेचसे पैसे कसिनोवाले व्हाउचर देऊन परत करायचे. समुद्र बघायचा आणि बोर्डवॉकवर भटकायचं हा मूळ प्लॅन. आमच्यातल्या नागपूरच्या सीनियरने बसमध्येच शिकवलं. चित्राचे दहा, एक्क्याचा एक नाहीतर अकरा जे सोयीचं पडेल ते, 21 च्या वर गेलास की मेलास, आणि डीलरला स्वतःचं डोकं लावायची परवानगीच नाही, सोळापर्यंत पान घ्यायचंच आणि सतराला थांबायचंच. एवढं कळलं की निम्मं आलं म्हणाला. उरलेलं टेबलावर कळलं. मी नोट डीलरच्या हातात द्यायला गेलो तर तो हातच पुढे करेना, टेबलावर ठेवायची असते. पान हवं तर टेबलावर बोट टेकवायचं, नको तर पानांवरून हात फिरवायचा, नुसतं तोंडाने बोलून चालत नाही, वरच्या कॅमेऱ्याला हात दिसला पाहिजे. चला, आता तुमचे येऊद्या.

कुडाळची_सून
आमच्याकडे गणपतीत जागरणाला, चिंचोक्यांवर. ब्लॅकजॅक वगैरे नाव नाही, नुसतं "एकवीस". आजेसासूबाई कायम बँक घेऊन बसायच्या, दुसऱ्या कुणाला देतच नसत. मी नवी सून, घाबरत घाबरत पान मागायचे तर म्हणायच्या, "मागू नको गो, तीन एके गेले." एकच कॅट, त्यात काय पडलं काय राहिलं सगळं डोक्यात, आणि त्याच वेळी आत चुलीवर घाटलं आहे त्याकडेही लक्ष!! वर पुन्हा जिंकलेले चिंचोके वर्षभर डब्यात ठेवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

सीप्लसप्लस_पंत
मी आधी प्रोग्राम लिहिला मग खेळायला शिकलो 😄 सेकंड इयरची असाइनमेंट. सगळं सोपं, एक्क्याने वाट लावली. एक्का आणि छक्की म्हणजे सतरा पण ते कच्चे सतरा, वर दश्शी आली तरी मरत नाही, एक्का अकराचा एक होतो आणि परत सतरावरच. दोन एक्के आले तर? मॅडमनी व्हायवात नेमकं तेच विचारलं.

मांडवीकाठ
मी उलट्या बाजूने शिकलो, पणजीला कसिनोच्या बोटीवर डीलर होतो. मूळ सावंतवाडीचा. ट्रेनिंगमध्ये पत्त्यांपेक्षा जास्त वेळ चिप्सची थप्पी एका हाताने कापायला आणि दीडपटीचे पाढे पाठ करायला गेला. ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान) दोनाला तीन, म्हणजे 25 ला साडेसदतीस, 75 ला एकशे साडेबारा, विचार न करता हातातून निघालं पाहिजे. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे वर दाखवायचे, हातात काही लपवलं नाही म्हणून. घरी जेवून उठताना पण व्हायचं माझं ते, आई म्हणायची काय रे हे.
लोकांचा एक गैरसमज कधी गेला नाही. शेवटच्या खुर्चीवरच्याने पान घेतलं आणि मी त्यानंतर 21 केले की सगळे त्याच्यावर तुटून पडणार, "तू माझं पान खाल्लंस". अरे बाबा ते पान काय होतं ते मला पण माहीत नव्हतं. त्याने खाल्ल्यामुळे डीलर मेला असंही तितक्याच वेळा होतं, तेव्हा कोणी त्याला चहा पाजत नाही.

किलवरची_तिर्री
@मांडवीकाठ गोव्यातल्या लोकांना आत सोडत नाहीत ना आता?

मांडवीकाठ
हो, 2020 पासून बंदी. आणि 21 वर्षांखाली कोणालाच नाही. 21 खेळायला 21 पूर्ण.

किलवरची_तिर्री
धन्यवाद. आमच्या ह्यांना दाखवते, त्यांचा मेहुणा म्हापशाचा आहे आणि तो सगळ्यांना घेऊन जाणारे म्हणे

अर्धवट_गणिती
धागाकर्ते, भाच्याला काय सांगितलंत ते लिहिलंच नाही. सोळा विरुद्ध दश्शी हा ह्या खेळातला सगळ्यात वाईट डाव. पान घेतलं तर तेरातली आठ पानं मारतात (छक्कीपासून राजापर्यंत), नाही घेतलं तर डीलर स्वतः मरेल तरच तुम्ही वाचणार आणि दश्शीवर तो साधारण चारात एकदाही मरत नाही. दोन्हीकडे मरण, घेण्यात नखभर कमी. म्हणून घ्यायचं. हेच डीलरची छक्की असती तर हात सुद्धा लावायचा नाही, गप बसायचं, मरू दे त्याला.
आणि कुडाळच्या सूनबाई, तुमच्या आजेसासूबाई करत होत्या त्यावर एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने 1962 ला पुस्तक लिहिलं. आता लोक मोजतात ती सोपी पद्धत म्हणजे दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, दश्शी, चित्रं, एक्का गेला की उणे एक, मधली सत्ती अठ्ठी नव्वी शून्य. बेरीज वर चढली म्हणजे मोठी पानं मागे राहिलीत, तेव्हा डाव मोठा लावायचा.

कुडाळची_सून
आजींना सांगायला हवं होतं!! त्या मेंढीकोटवाल्या, दश्श्या मोजणं रक्तातच.

पिसलेला_पत्ता
भाच्याला घे म्हटलं, नव्वी आली, रुसून बसला 😂
मोजण्यावरून आठवलं, अटलांटिक सिटीत पत्ते मोजतो म्हणून हाकलता येत नाही. केन उस्टन म्हणून एक होता, त्याला बाहेर काढलं तर त्याने केस केली आणि 1982 ला न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मग काय, कसिनोवाल्यांनी कॅट वाढवले आणि मधेच पिसायला लागले. आमचा सीनियर हे सगळं कौतुकाने सांगायचा, स्वतः मात्र इन्शुरन्स घ्यायचा!

अर्धवट_गणिती
इन्शुरन्स?? अरे देवा. डीलरचा एक्का दिसला की निम्मी रक्कम वेगळी लावायची, खाली दहाचं पान निघालं तर दुप्पट मिळणार. पण दहाची पानं तेरात चारच, बाकीची नऊ तुमच्या विरोधात. दुप्पटीत परवडत नाही. नाव इन्शुरन्स ठेवलं म्हणून आपली माणसं बरोब्बर फसतात.

हडपसर_टू_हेंडरसन
व्हेगासला येणाऱ्या पाहुण्यांना मी एकच सांगते, बसायच्या आधी टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. 3 ला 2 असेल तर दहा डॉलरच्या ब्लॅकजॅकला पंधरा मिळतात, 6 ला 5 असेल तर बारा. स्ट्रिपवर (मोठ्या कसिनोंचा मुख्य रस्ता) स्वस्त टेबलं बघितली की बहुतेक दुसरीच असतात. माझे सासरे आले होते तर ते वाचून म्हणाले, मग आपण बदाम सात खेळू, आणि खरंच हॉटेलच्या खोलीत चार दिवस तेच खेळलो. पुरणपोळ्या आणल्या होत्या त्यांनी, कस्टमला कशा सुटल्या कोणास ठाऊक

सीप्लसप्लस_पंत
पुरणपोळी तेलपोळी की साधी?

हडपसर_टू_हेंडरसन
साधी, गुळाची. साखरेच्या पुरणाचं नाव काढू नका आमच्याकडे

किलवरची_तिर्री
एक शंका, दोन दश्श्या आल्या तर वेगळ्या करून दोन डाव खेळायचे का? ह्यांनी फोनवर केल्या आणि दोन्हीकडे हरले, आता तोंड पाडून बसलेत

मांडवीकाठ
नाही हो ताई, वीस हातात असताना कशाला फोडायचे. एक्के फोडा, अठ्ठ्या फोडा. दश्शी फोडणारा आला की आमचा पिट बॉस (टेबलांवर लक्ष ठेवणारा साहेब) मनातल्या मनात हसायचा.

घरबसल्या_भिडू
मला ब्लॅकजॅक येत नाही, धागा वाचून मेंढीकोटची तल्लफ आली. कोथरूड साइडला कोणी आहे का शनिवारी? तिघं आहोत, चौथा भिडू हवाय. आमच्या कॅटमधला इस्पिकचा गुलाम हरवलाय

सीप्लसप्लस_पंत
येतो. गुलाम जोकरवर पेनाने लिहून टाका तोवर. सहा वाजता चालेल?

घरबसल्या_भिडू
चालेल, व्यनि करतो पत्ता. पोहे करू की मिसळ मागवू